एवढ्याला एवढं, तर तेवढ्याला किती? – विसरलेल्या गणिताकडे परत जाताना

(जळगाव इथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची पद्धत शक्यतो तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)



आधीच सांगून टाकतो, मी गणिताचा माणूस नाही. धुळ्याला बत्तीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवला. दहावीला गणितात काठावर पास झालो आणि त्या दिवशी गणिताला जे हात जोडले, ते निवृत्त होईपर्यंत. साठीनंतर पुन्हा पाटी घेऊन बसलो. का बसलो, ते ऐका.

माझ्या भाच्याला मोटारसायकल घ्यायची होती. पन्नास हजारांचं कर्ज, दोन वर्षं मुदत. कर्ज देणारा म्हणाला, "सर, फक्त बारा टक्के." मी जामीनदार म्हणून सही केली. पाच-सहा महिन्यांनी भाच्याची मुलगी, तेव्हा नववीत होती, हप्त्याचा कागद घेऊन आली आणि म्हणाली, "आजोबा, हे बारा टक्के नाहीयेत." तिनं वहीवर काहीतरी मांडून दाखवलं. मला ते कळलं नाही. आणि जास्त लागलं ते हे, की काय कळलं नाही तेसुद्धा मला धड विचारता येईना. जन्मभर दुसऱ्यांना 'शंका विचारा' म्हणणारा मास्तर मी!

ती काय म्हणाली ते शेवटाकडे सांगतो. तिथपर्यंत जायला दोन-तीन पायऱ्या चढाव्या लागतील.

वडिलांचं गणित

माझे वडील चौथी शिकलेले, शेतकरी. पण बाजारात त्यांना कुणी फसवू शकत नसे. त्यांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी पाठ होत्या. तरुण मंडळींसाठी सांगतो, हे अपूर्णांकांचे पाढे. सवायकी म्हणजे सव्वाचा पाढा, अडीचकी म्हणजे अडीचचा.

मला लहानपणी वाटायचं, अडीचचा पाढा कशाला हवा? त्याचं कारण मला साठाव्या वर्षी कळलं. त्यांच्या काळी एका मणाचे चाळीस शेर आणि एका रुपयाचे सोळा आणे. आता बघा, मणाचा भाव अडीच रुपये असेल तर अडीच रुपयांचे आणे चाळीस. चाळीस आणे भागिले चाळीस शेर, म्हणजे शेराला एक आणा. मग मणाच्या भावात अडीच जितक्या वेळा बसतात, तितके आणे शेराला! मणाला पंधरा रुपये भाव सांगितला, की अडीचकीत पंधरा सहाव्या घरात, म्हणून शेराला सहा आणे. कागद नाही, पेन्सिल नाही.

१ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. पाठोपाठ शेर-मण जाऊन किलो-क्विंटल आले. हिशेब सोपा झाला, क्विंटलच्या भावातली दोन शून्यं काढली की किलोचा भाव. हे चांगलंच झालं. पण अडीचकीचं काम संपलं आणि तिच्याबरोबर घरातलं तोंडी गणितही गेलं. आमच्या पिढीला गणित शाळेतच भेटलं, आणि ते मार्कांसाठी. परीक्षा संपली तसं तेही गेलं. वडिलांचा पाढा रोज बाजारात वापरला जायचा, म्हणून तो टिकला. आमचं सूत्र कुठंच वापरलं गेलं नाही.

पाटणचा शिलालेख

आता आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट. चाळीसगावजवळ, डोंगराच्या पायथ्याशी पाटण. पाटणादेवीला आपण बरेचजण दर्शनाला गेलो असू. तिथला एक शिलालेख इ. स. १२०७ चा आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव हे यादव राजा सिंघण याच्या दरबारात ज्योतिषी होते. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांनी पाटणला मठ स्थापला, आणि तिथल्या निकुंभ घराण्यातल्या सोइदेवानं त्याला देणगी दिली, असं हा लेख सांगतो. मठ म्हणजे इथं विद्यालयच समजा.

लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. त्यात मठाला उत्पन्न कुठून मिळणार ते लिहिलंय. पाटणच्या बाजारात जो माल विकला जाईल त्यावरचं देणं आणि तेलाच्या घाण्यांमागे ठरलेलं तेल. म्हणजे गणिताच्या शाळेचा खर्च बाजार उचलत होता! भास्कराचार्यांचं जन्मगाव कोणतं यावर अभ्यासकांचे वाद आहेत, ते असू देत. त्यांचं गणित आठशे वर्षांपूर्वी खानदेशात, बाजाराच्या पैशावर शिकवायची सोय झाली होती, एवढं मला पुरेसं आहे.

भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा. 'लीलावती' साधारण ११५० ची. मी ती मराठी भाषांतरातून वाचली आणि चकित झालो. मला वाटलं होतं, काहीतरी आकाशातलं असेल. निघालं खळ्यावरचं.

धान्याच्या राशीचंच उदाहरण घ्या. मळणी झाली, रास पडली आहे. किती धान्य आहे? भास्कराचार्य सांगतात, राशीभोवती दोर फिरवून घेर मोजा. घेराचा सहावा भाग घ्या, त्याला त्यानंच गुणा, आणि मग राशीच्या उंचीनं गुणा. उंची मोजायलाही चढायला नको. जाड धान्य असेल तर उंची साधारण घेराचा दहावा भाग, बारीक धान्याची अकरावा, कुसळाच्या धान्याची नववा.

करून बघू. घेर तीस फूट. सहावा भाग पाच. पाच पंचे पंचवीस. उंची दहावा भाग, तीन फूट. पंचवीस त्रिक पंचाहत्तर घनफूट. ज्वारी-मक्यासारखं धान्य एका घनफुटात साधारण वीस किलो बसतं. म्हणजे पंधराशे किलो, पंधरा क्विंटल. शाळेतल्या शंकूच्या सूत्रानं ताळा केला तर सुमारे साडेएकाहत्तर घनफूट येतं. फरक पडतो, कारण इथं पाय तीन धरलाय. खळ्यावरच्या अंदाजाला तेवढं चालतं. रास भिंतीला टेकलेली असेल, कोपऱ्यात असेल, तर काय करायचं तेही त्यांनी सांगून ठेवलंय.

शंकूचं घनफळ मी दहावीला घोकलं होतं. पण शंकू म्हणजे खळ्यावरची रास, हे मला कुणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

एकच किल्ली: त्रैराशिक

'लीलावती'त भास्कराचार्य म्हणतात, की सगळ्या गणितात त्रैराशिक भरून राहिलं आहे. त्रैराशिक म्हणजे 'एवढ्याला एवढं, तर तेवढ्याला किती?' मोठेपणी गणित पुन्हा शिकायचं असेल तर मी म्हणेन, एवढी एकच किल्ली आधी हातात घ्या.

रावेर-यावलकडची मंडळी इथं आहेत, म्हणून केळीचं उदाहरण. एक गुंठा म्हणजे तेहेतीस फूट बाय तेहेतीस फूट, १,०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर, ४३,५६० चौरस फूट. पाच बाय पाचावर लागण केली तर एका खोडाला पंचवीस चौरस फूट. मग एकरात किती? १,७४२. सहा बाय पाचावर केली तर १,४५२. एका फुटाच्या फरकानं एकरी २९० खोडांचा फरक. रोपं किती आणायची, ठिबकची नळी किती लागेल, सगळं इथूनच निघतं.

कापसाचं बघा. शेतकरी क्विंटलमध्ये बोलतो, रुईचा व्यापारी खंडीत. रुईची खंडी ३५६ किलोची. क्विंटलभर कापसातून चौतीस किलो रुई निघाली, तर एका खंडीला कापूस किती लागला? चौतीसला एक, तर ३५६ ला किती? साधारण साडेदहा क्विंटल. छत्तीस किलो निघाली तर दहाच्याही आत. उताऱ्यावर एवढी घासाघीस का होते, ते आता कळेल.

फक्त एक सांभाळायचं. पाच मजुरांना वेचणीला सहा दिवस, तर दहांना बारा दिवस म्हणू नका! तिथं एक वाढलं की दुसरं कमी होतं. म्हणून आकडे मांडायच्या आधी स्वतःला विचारायचं, उत्तर वाढायला हवं की कमी व्हायला हवं?

टक्का कशाचा?

आता टक्के. टक्का म्हणजे त्रैराशिकच, शंभराला एवढे, तर इतक्याला किती. गोंधळ होतो तो 'कशाचे टक्के' हे न विचारल्यामुळे. केळीचा भाव पंधराशे होता, वीस टक्क्यांनी पडला. झाले बाराशे. मग वीस टक्क्यांनी चढला. पुन्हा पंधराशे? नाही. बाराशेचे वीस टक्के दोनशे चाळीस, म्हणून चौदाशे चाळीस. साठ रुपये गेले कुठं? कुठंच नाही. पहिले वीस टक्के पंधराशेचे होते, दुसरे बाराशेचे.

'लीलावती'त व्याजाचं एक उदाहरण आहे. शेकडा महिना पाच दरानं एका वर्षात मुद्दल आणि व्याज मिळून हजार झाले, तर मुद्दल किती? वर्षाला शंभराला साठ व्याज. म्हणजे शंभराचे एकशे साठ. एकशे साठला शंभर, तर हजाराला किती? सहाशे पंचवीस. व्याज तीनशे पंचाहत्तर. नऊशे वर्षांपूर्वीची भाषा ऐका, शेकडा, महिना. आजही गावात 'शेकडा दोनानं दिले' असंच म्हणतात. दोन हा आकडा लहान वाटतो. बारानं गुणला की वर्षाला चोवीस.

आता नातीकडे येऊ. पन्नास हजारांवर बारा टक्के, वर्षाला सहा हजार. दोन वर्षांचे बारा हजार. एकूण बासष्ट हजार, चोवीस हप्ते, दर हप्ता २,५८३ रुपये. हिशेब बरोबर दिसतो ना? मलाही दिसला.

नातीनं विचारलं, "आजोबा, बाबांकडे पन्नास हजार दोन वर्षं होते का?" नव्हते! दर महिन्याला मुद्दल परत जातच होतं. पहिल्या महिन्यात पन्नास हजार, शेवटच्या महिन्यात दोन-अडीच हजार. सरासरी काढली तर हातात होते सव्वीस हजारांच्या आसपास. व्याज मात्र पूर्ण पन्नास हजारांवर. सव्वीस हजारांना वर्षाला सहा हजार, तर शंभराला किती? तेवीस. महिन्यागणिक शिलकेचा काटेकोर हिशेब केला तर साडेएकवीसच्या आसपास येतो. खरोखर घटत्या शिलकेवर बारा टक्के असते, तर हप्ता २,३५४ च्या आसपास आणि दोन वर्षांचं व्याज साडेसहा हजार पडलं असतं. आम्ही भरले बारा हजार. साडेपाच हजार रुपये माझ्या सहीचे गेले. लबाडी कागदावर नव्हती, 'फ्लॅट' हा शब्द तिथं छापलेला होता. मला तो वाचता आला नाही.

आता नियम आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या नव्या किरकोळ कर्जांना बँकांनी आणि वित्तसंस्थांनी 'की फॅक्ट्स स्टेटमेंट' द्यायचं, आणि त्यात सगळा खर्च धरून वार्षिक दर, म्हणजे एपीआर, लिहायचा, असं रिझर्व्ह बँकेनं सांगितलंय. तो कागद मागून घ्या. पण त्यातला आकडा काय सांगतो ते कळायला शेवटी आपल्यालाच बसावं लागेल.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न: सर, मोबाइलमध्ये कॅल्क्युलेटर आहे. मग हे डोक्यात कशाला?

उत्तर: कॅल्क्युलेटर मीही वापरतो. पण तो गुणाकार करतो, कशाला कशानं गुणायचं ते सांगत नाही. माझ्या खिशात सहीच्या दिवशीही मोबाइल होता. म्हणून आधी तोंडी अंदाज घ्यायचा, मग बटणं दाबायची. अंदाज आणि उत्तर यांत फार अंतर पडलं तर थांबायचं.

प्रश्न: मी दहावी झाले त्याला पंचवीस वर्षं झाली. बचत गटाचा हिशेब माझ्याकडे आहे, पण अपूर्णांक पाहिला की हात थरथरतो. कुठून सुरू करू?

उत्तर: ताई, पुस्तकापासून नको. गटाच्या वहीपासूनच करा. पहिले पंधरा दिवस फक्त पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच. किराण्याच्या पावतीवर, स्वयंपाकात. मग त्रैराशिक, रोज एक उदाहरण, तेही घरातलंच. मग टक्के आणि व्याज. गटातल्या एका कर्जाचा हिशेब महिन्यागणिक स्वतः मांडा. शिल्लक कशी उतरते ते तुमच्याच अक्षरात दिसू द्या. आणि घरात शाळेत जाणारं पोर असेल तर त्याला विचारायला लाजू नका. पहिल्यांदा मला फार जड गेलं. नात म्हणाली, "आजोबा, तुम्ही चुकलात तर मी मार्क कापणार नाहीये." त्या दिवसापासून आमचं जमलं.