पेटी शनिवारी उघडते

आमच्या शाळेची तक्रारपेटी व्हरांड्याच्या खांबाला, मुख्याध्यापकांच्या दाराशेजारी टांगलेली आहे. २०१७ साली प्रत्येक शाळेत पेटी बसवण्याचा शासन निर्णय निघाला. तेव्हा बाजारातून पत्र्याची पेटी आणली, तिला पिवळा रंग दिला आणि किल्ली माझ्या गळ्यात पडली. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मुख्याध्यापक, पोलीस पाटील आणि मी, तिघं मिळून कुलूप काढतो. नळाला पाणी नाही, खिचडीत खडे निघतात, अमक्या सरांच्या तासाला झोप येते, असल्या चिठ्ठ्या निघतात. एकदा गुटख्याची रिकामी पुडी निघाली. तीही तक्रारच म्हणायची.

शाळेचं नाव लिहीत नाही. सेनगाव तालुक्यातलं गाव लहान आहे, ज्याच्याविषयी लिहितोय ते लेकरू लगेच ओळखू येईल.

पेटीवर ‘नाव लिहिण्याची गरज नाही’ असं रंगवलंय. पण मी मराठीचा मास्तर. दीडशे पोरांच्या वह्या वर्षभर तपासतो. कुणाचा ‘ळ’ कसा, कोण रेघ सोडून लिहितं, हे मला झोपेतही सांगता येईल. हे पोरांनाही ठाऊक आहे. म्हणून सगळ्यात जास्त दुखणारी गोष्ट पेटीत सहसा पडत नाही. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात एक पडली, ती पट्टी लावून कोरलेल्या अक्षरांत होती: ‘मुतारीत जाऊ देत नाहीत. पोरीच्या मुतारीत जा महणतात.’ पट्टीनं अक्षराची गोलाई लपते, पण ‘म्ह’ला ‘मह’ लिहिणारं पोरगं आठवीच्या वर्गात एकच होतं.

मी त्याला बोलावलं नाही. त्याला कारण आहे.

त्याआधी काही वर्षं असंच एक पोरगं होतं. आवाज बारीक, हातवारे मोकळे. पोरं त्याला ‘बायल्या’ म्हणायची. मला वाटलं, घरी सांगितलं म्हणजे आईबाप सांभाळून घेतील. बापाला बोलावलं आणि, आता लिहितानाही हात अडतो, ‘याच्याकडं जरा लक्ष द्या, याचं वागणं वेगळं आहे’ असं म्हणालो. बापानं मान खाली घालून ऐकलं. आठ दिवसांनी येऊन दाखला काढून नेला. पोरगं पुढं ऊसतोडीला गेलं, एवढंच कळलं. चिडवणारी पोरं मात्र दहावीपर्यंत माझ्यासमोरच्या बाकांवर बसली. त्यांच्या घरी मी एकदाही निरोप धाडला नव्हता.

तेव्हापासून एक ठरवलं. लेकरू कोण आहे, हे शोधणं माझं काम नाही. ते समलिंगी असेल, पारलिंगी असेल, नाहीतर नुसतं हळू बोलणारं असेल. त्याला स्वतःला कळायचं तेव्हा कळेल, सांगायचं तर त्याच्या इच्छेनं सांगेल. माझं काम त्याला मुतारीत जाता यावं, एवढंच आहे. ऐकायला हे सोपं वाटतं.

चिठ्ठीनंतरच्या सोमवारी आठवीच्या तासाला शाळेचा नकाशा फळ्यावर काढला. फाटक, खोल्या, टाकी, मुतारी, सायकली लावायची जागा, मागची बाभूळ. प्रत्येकाला कोरा कागद देऊन सांगितलं, हे उतरवा, आणि जिथं जायला नको वाटतं तिथं फुली मारा. नाव नको, अक्षर नको, नुसती फुली. फुलीला हस्ताक्षर नसतं. बेचाळीस कागद परत आले. त्यात मुतारीच्या बोळात एकोणतीस फुल्या, टाकीपाशी अकरा आणि बाभळीखाली सात. दोघांनी माझ्याच वर्गखोलीवर फुली मारली होती. ते व्याकरणामुळं असावं अशी आशा आहे.

एकोणतीस म्हणजे ते एकटं पोरगं नव्हतं. त्या बोळात कुणाला रंगावरून, कुणाला जातीवरून, कुणाला बापाच्या दारूवरून छळलं जात होतं. नॉर्वेत १९८२ च्या अखेरीला, बहुधा अशाच छळापायी, तीन मुलांनी जीव दिला, त्यानंतर १९८३ मध्ये डॅन ओल्वेयस या मानसशास्त्रज्ञाच्या अभ्यासाच्या आधारावर देशभरच्या शाळांत छळाविरुद्ध मोहीम सुरू झाली. मधल्या सुट्टीत मोठ्या माणसांची नजर मैदानभर असावी, हा त्यातला एक साधा भाग होता. आमच्या मधल्या सुट्टीत मोठी माणसं स्टाफरूममध्ये डबा खात होती. मी माझा डबा टाकीच्या कट्ट्यावर न्यायला लागलो. तिथून बोळाचं तोंड दिसतं.

पहिल्या आठवड्यात काहीच घडलं नाही. मास्तर समोर बसल्यावर काय घडणार? दुसऱ्या आठवड्यात पोरांना माझी सवय झाली आणि खेळ दिसायला लागला. म्होरके दोघंच. पण त्यांच्या मागं सहा-सात जण उभे राहायचे. ते हसले की म्होरक्यांना जोर यायचा. एक दिवस त्यातला एक जण हसला नाही, कंटाळून नळाकडं गेला, आणि बाकीचं सगळं आपोआप विरलं. मी म्होरक्यांना सोडलं आणि आधी हसणारे धरले. एकेकाला जवळ बसवून विचारलं, ‘तू का हसायलास?’ उत्तर ठरलेलं: ‘मजाक करायलो होतो, सर.’ कुणाची मजाक? गप्प. तू त्याच्या जागी असतास तर? पुन्हा गप्प. चौघांनी बोळात जाणं सोडलं. एकानं मला सांगितलं, ‘सर, हसलो नाही तर मलाच म्हणतेत.’ त्याच्या डोळ्यांत भीती होती, आणि ती मला म्होरक्यांच्या दांडगाईपेक्षा महत्त्वाची वाटली.

अवघड गेलं ते स्टाफरूममध्ये. चिठ्ठीवाल्या पोराला हजेरीच्या वेळी ‘हजर’ ऐवजी नुसतंच ‘ओ’ म्हणायची सवय होती, आणि आमच्यातले एक सर त्याची नक्कल करत. वर्ग हसे. बोळातली शाळा तिथूनच भरत होती. मी त्यांना चार लोकांत काही बोललो नाही. घरी जाताना गाडीवर मागं बसलो आणि विषय काढला. ते म्हणाले, ‘लेकराला टणक करायला पाहिजे.’ टणक करायचं म्हणजे काय, हे दोघांनाही सांगता येईना. पण नक्कल थांबली.

याच गावात सप्ताह असतो. भारुडात धोतराची माणसं लुगडं नेसून उभी राहतात, पदर सावरतात, लाजतात, आणि अख्खं गाव ‘व्वा बुवा’ म्हणतं. रात्री टाळ्या देणारी माणसं सकाळी त्याच हातवाऱ्यांवरून पोराला हिणवतात, याचा मेळ मला अजून लागलेला नाही.

पोरींचं दुखणं दिसत नाही, म्हणून ते नजरेतून सुटतं. नववीत आखूड केसांची एक कबड्डीपटू होती. सगळे तिला ‘पैलवान’ म्हणत, तीही हसे. एक दिवस आमच्या मॅडमना म्हणाली, ‘दिवाळीत पाव्हणे येणार हायेत.’ नेहमीसारखं लग्नाचं लवकर ठरत होतं, पण हिला नवराच नको होता, आणि हे ती कुणाशी बोलणार? मॅडमनी चाइल्डलाइनच्या १०९८ ला फोन लावला. लग्न थांबलं. बाकीचं तिचं तिच्यापाशी.

कायदे झालेत. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं तृतीयपंथीयांचा हक्क मानला; ६ सप्टेंबर २०१८ रोजी सज्ञान माणसांच्या संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१६ मध्ये लैंगिक कलावरून होणारा छळ रॅगिंगमध्ये धरला. पण तो नियम कॉलेजसाठी. पारलिंगी मुलांना शाळेत कसं सामावून घ्यावं, याची एनसीईआरटीनं २०२१ मध्ये शिक्षकांसाठी पुस्तिका काढली आणि ओरड होताच ती संकेतस्थळावरून उतरवली. पारलिंगी ओळखीचा दाखला जिल्हाधिकारी देतात, पण अठराच्या आतल्या मुलाचा अर्ज आईबापांनी किंवा पालकांनीच करायचा. म्हणजे ज्यांना सांगायची भीती, त्यांचीच सही.

शब्दांचाही दुष्काळ आहे. मैदानात या मुलांसाठी तीन-चार शब्द आहेत आणि सगळे शिव्या. पुण्याच्या समपथिक ट्रस्टचे बिंदुमाधव खिरे यांनी या विषयावर मराठीत पुस्तकं लिहिली, त्यातून मला ‘लैंगिक कल’ हा शब्द मिळाला. त्यांचं ‘इंद्रधनु’ माझ्या कपाटात खाकी कव्हर घालून ठेवलंय. कपाट उघडं असतं. पुस्तक दोनदा जागेवरून हललेलं दिसलं, मी विचारलं नाही. कपाटाच्या दारावर आतून टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चिकटवलाय. फुकट आहे, मराठीत बोलतात.

ते पोरगं आता दहावीत आहे. माझ्याशी चिठ्ठीविषयी एक अक्षर बोललेलं नाही, मीही नाही. मागच्या महिन्यात निबंधात त्यानं ‘म्हणतात’ बरोबर लिहिलं. गेल्या शनिवारी पेटीत दोन चिठ्ठ्या होत्या. एक नळाची. दुसरीत नुसतं एवढंच होतं: ‘मुतारीच्या दाराला कडी बसवा.’ अक्षर ओळखीचं नव्हतं. कडी सोमवारी बसवली, स्क्रू धरून नव्वद रुपये लागले.