‘थोडं काम आहे’ म्हणत विकली जाणारी जुनी गाडी घ्यावी का? आधी हे गणित मांडा

‘२०१२ चं मॉडेल, पेट्रोल, इंजिन ओके, थोडं काम आहे, किंमत १ लाख २० हजार.’ जुन्या गाड्यांच्या जाहिराती चाळणाऱ्या कुणालाही ही भाषा ओळखीची वाटेल. नवी छोटी कार ऑन-रोड घ्यायची तर चार-पाच लाखांची तयारी लागते. त्यामुळे पहिल्यांदाच घरात चारचाकी आणू पाहणाऱ्याला लाख-सव्वा लाखाची गाडी हाताच्या अंतरावर दिसते.

अडचण ‘थोडं काम’ या दोन शब्दांत आहे. हे काम दहा हजारांत आटोपतं, किंवा गाडीच्या किमतीइतकं वाढतं. मग अशी गाडी घ्यायची की सोडायची, हे ठरवायचं कसं?

आधी काम कोणत्या प्रकारचं आहे ते बघा

जुन्या गाडीतली दुरुस्ती साधारण तीन गटांत मोडते.

पहिला गट झिजणाऱ्या वस्तूंचा. टायर, बॅटरी, ब्रेक पॅड, क्लच प्लेट, शॉकअप, सस्पेन्शनचे बुश. हे कोणत्याही गाडीत कधी ना कधी बदलावंच लागतं. खर्चाचा अंदाज आधी काढता येतो. हे काम असलेली गाडी वाईट नसते, फक्त तो खर्च किमतीतून कमी करून घ्यायचा असतो.

दुसरा गट मोठ्या कामांचा. इंजिन, गिअरबॉक्स, एसीचा कॉम्प्रेसर, डिझेल गाडीत टर्बो आणि इंजेक्टर. इथे गॅरेजवाल्याचं ठरलेलं उत्तर असतं, ‘खोलल्याशिवाय कळणार नाही.’ म्हणजे अंदाज चुकण्याची शक्यता मोठी. किंमत खूपच खाली आली आणि ओळखीचा मेकॅनिक असेल, तरच या गटात हात घालावा.

तिसऱ्या गटातली गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी सोडून द्यावी. सांगाडा वाकलेली, खालून गंजलेली, पुरात बुडालेली किंवा कागदपत्रांत घोळ असलेली गाडी या गटात येते. चॅसिसला लागलेला मार आणि आतून खाल्लेला पत्रा रंग मारून झाकता येतो, पण पूर्ववत करता येत नाही.

गाडी बघायला गेल्यावर काय तपासायचं?

इंजिन थंड असताना गाडी सुरू करायला सांगा. तुम्ही पोहोचण्याआधीच गाडी गरम करून ठेवली असेल, तर थंड इंजिनातला आवाज आणि धूर लपतो.

सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल तर इंजिन ऑईल जाळतंय. गाडी गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर थांबत नसेल, तर कूलंट इंजिनात शिरत असू शकतं. ऑईलचं झाकण उघडून बघा. आत दुधाळ, चिकट थर दिसला तर हेड गॅस्केट गेल्याची शंका घ्यावी.

चावी ‘ऑन’ केल्यावर डॅशबोर्डवरचे इशारा देणारे दिवे एकदा लागून मग बंद व्हायला हवेत. एअरबॅग असलेल्या गाडीत त्याचा दिवा मुळात लागलाच नाही, तर तो मुद्दाम काढून टाकलेला असू शकतो.

पुराची गाडी ओळखण्यासाठी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. आतल्या टोकाला चिखलाची रेघ राहिलेली असते. सीटखालचे रूळ आणि स्टेपनीची जागा गंजली आहे का, तेही बघा. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि २०२१ मध्ये चिपळूणमध्ये कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या. कोकण किनाऱ्यावर वापरलेली गाडी असेल तर खाऱ्या हवेमुळे खालचा पत्रा खास तपासावा.

आणि मुख्य म्हणजे गाडी रॅम्पवर चढवून आपल्या मेकॅनिकला खालून दाखवा. विक्रेता ‘आमच्याच गॅरेजला दाखवा’ असा हट्ट धरत असेल, तर तिथेच सावध व्हा.

मग खर्चाचं गणित कसं मांडायचं?

एक उदाहरण घेऊ. यातले आकडे समजण्यापुरते आहेत. तुमच्या गाडीचे आकडे तुमच्या मेकॅनिककडून घ्या.

समजा, १३ वर्षं जुन्या गाडीची किंमत १,२०,००० रुपये आहे. टायर १४,०००, क्लच ८,०००, सस्पेन्शन १२,०००, एसी १०,००० आणि बॅटरी ४,५००, असं मिळून ४८,५०० रुपयांचं काम आहे. न दिसलेल्या बिघाडांसाठी त्यावर पाव भाग, म्हणजे १२,००० रुपये धरा. गाडी नावावर करणं आणि विमा यासाठी ८,०००. एकूण झाले १,८८,५०० रुपये.

दोन वर्षांनी ही गाडी १५ वर्षांची होईल. तेव्हा ती ७०,००० ला गेली असं धरलं, तर दोन वर्षांत तुमचे १,१८,५०० रुपये गेले. महिन्याला साधारण ४,९००, पेट्रोल वेगळं.

आता त्याच मॉडेलची ९ वर्षं जुनी, चांगली ठेवलेली गाडी २,२०,००० ला मिळतेय. काम १२,००० चं, कागदपत्रं ८,०००, एकूण २,४०,०००. दोन वर्षांनी ती १,६०,००० ला गेली, तर गेले ८०,०००. म्हणजे महिन्याला सुमारे ३,३००. लाखाने महाग दिसणारी गाडीच वापरायला स्वस्त पडली.

पण हेच गणित उलटंही फिरतं. पहिल्या गाडीला फक्त टायर आणि बॅटरीच हवी असती, तर एकूण खर्च १,५१,००० वर थांबला असता आणि महिन्याचा हिशेब ३,४०० च्या आसपास आला असता. म्हणजे दुसऱ्या गाडीइतकाच, शिवाय सुरुवातीला ८९,००० रुपये कमी लागले असते.

यातली मेख अशी की दुरुस्तीवर घातलेला पैसा विकताना परत मिळत नाही. नवा क्लच टाकला म्हणून पुढचा गिऱ्हाईक आठ हजार जास्त देत नाही. तो मॉडेलचं वर्ष बघून भाव करतो. म्हणून दुरुस्तीचा खर्च खरेदीच्या वेळीच किमतीतून वजा व्हायला हवा.

१५ वर्षांची रेघ का महत्त्वाची?

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर गाडी आपोआप भंगारात जात नाही. आरटीओत पासिंग करून नोंदणीचं पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करता येतं. मात्र त्याचा खर्च वाढला आहे. कारच्या नूतनीकरणाचं शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झालं. २० वर्षांवरच्या गाड्यांसाठी ते २०२५ मध्ये १०,००० रुपये करण्यात आलं. महाराष्ट्रात त्याशिवाय पर्यावरण कर भरावा लागतो. त्यामुळे १४ वर्षांची गाडी घेताना हा खर्च पुढच्याच वर्षी आपल्या दारात येणार, हे धरून चला.

१ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदणी झालेल्या गाडीला महाराष्ट्रात हाय सिक्युरिटी नंबर प्लेटही सक्तीची आहे. ती बसवलेली आहे का, ते बघून घ्या.

कागदपत्रांत काय अडकतं?

आरसीवर ज्याचं नाव आहे, तोच माणूस गाडी विकतोय का, हे सगळ्यात आधी बघा. ‘आधीच्या मालकाच्या सह्या घेऊन ठेवल्यात’ हे उत्तर चालवून घेऊ नका. अपघात झाला तर आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव आहे, त्याच्यावर भरपाईची जबाबदारी येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार प्रकरणात स्पष्ट केलं आहे. त्यामुळे फॉर्म २९ आणि ३० वेळेत भरून नाव बदलणं विकणाऱ्याच्याही हिताचं आहे.

परिवहन विभागाच्या ‘वाहन’ पोर्टलवर नंबर टाकून नोंदणीची मुदत, विमा आणि कर्जाचा बोजा तपासता येतो. बोजा असेल तर बँकेचं ना हरकत प्रमाणपत्र आणि फॉर्म ३५ मिळाल्याशिवाय इसार देऊ नका. थकलेले ई-चलनही बघा.

दिल्लीत जुन्या डिझेल आणि पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले, तशा तिथल्या गाड्या स्वस्तात बाहेरच्या राज्यांत येऊ लागल्या. अशी गाडी महाराष्ट्रात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर तिथल्या आरटीओचं ना हरकत प्रमाणपत्र, इथला कर आणि नवा नंबर हे सगळं लागतं. स्वस्ताईचा मोठा भाग त्यातच संपतो.

विम्याचंही गणित वेगळं असतं. गाडी नावावर झाल्यावर १४ दिवसांत पॉलिसी नावावर करायला अर्ज द्यावा लागतो. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही. दुरुस्तीचा खर्च विम्यातल्या आयडीव्ही रकमेच्या ७५ टक्क्यांवर गेला, तर गाडी ‘टोटल लॉस’ धरली जाते. लाखाच्या गाडीत तेवढा खर्च व्हायला फार मोठा अपघात लागत नाही.

सुटे भाग आणि सुरक्षितता

शेवर्लेची विक्री भारतात २०१७ च्या अखेरीस थांबली. फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. अशा गाड्या स्वस्त मिळतात, पण घेण्याआधी सुटे भाग आपल्या शहरात मिळतात का, हे विचारून घ्या. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड किंवा पुण्यात नाना पेठ जवळ असणाऱ्याचं भागून जाईल. तालुक्याच्या गावी मात्र एका पार्टसाठी गाडी आठवडाभर उभी राहू शकते.

एक गोष्ट तर कोणतंच गॅरेज दुरुस्त करून देऊ शकत नाही. ड्रायव्हरसाठी एअरबॅग सगळ्या नव्या कारमध्ये सक्तीची झाली ती १ जुलै २०१९ पासून. त्याआधीच्या अनेक बेसिक मॉडेलमध्ये एअरबॅग नाही, एबीएस नाही. हे नंतर बसवून घेता येत नाही. शहरात कमी वेगाने चालवायची असेल तर एक वेळ ठीक. पण घरच्यांना घेऊन दर महिन्याला महामार्गाने गावी जायचं असेल, तर त्याच बजेटमध्ये एअरबॅग असलेला व्हेरियंट शोधा.

मग कुणी घ्यावी, कुणी नाही?

महिन्याला तीन-चारशे किलोमीटर चालणार असेल, काम पहिल्या गटातलं असेल, सर्व्हिसच्या नोंदी असतील, नोंदणीची मुदत शिल्लक असेल आणि विकणारा स्वतः मालक असेल, तर जुनी गाडी हा शहाणपणाचा सौदा ठरू शकतो.

रोज त्याच गाडीवर कामाला जायचं असेल, घरात आजारी माणूस असेल आणि रात्री-अपरात्री गाडी सुरू व्हायलाच हवी असेल, किंवा गाडी घेतल्यावर हातात काहीच उरणार नसेल, तर थांबलेलं बरं. साठवलेले सगळे पैसे किमतीत गेले, तर पहिल्याच मोठ्या बिघाडाला गाडी दारात उभी राहते आणि रिक्षाचं भाडंही सुटत नाही.

गाडी बघायला जाण्याआधी दुरुस्ती आणि कागदपत्रांसह जास्तीत जास्त किती खर्च करायचा, तो आकडा लिहून ठेवा. मेकॅनिकने सांगितलेला खर्च मिळवल्यावर त्याच्या वर गेलं, तर भाव करा. भाव उतरला नाही तर परत या. मेकॅनिकला दिलेले हजार-पाचशे रुपये त्या दिवशी वाया गेल्यासारखे वाटतील, पण चुकीची गाडी दारात आणण्यापेक्षा हा खर्च परवडणारा आहे.