मराठी विज्ञानकथेची घडण : स्पर्धा, दिवाळी अंक आणि चरितार्थ

मराठी विज्ञानकथेचा इतिहास सहसा लेखकांच्या नामावळीतून सांगितला जातो. परंतु ही कथा कोणी छापली, तिला किती पाने मिळाली आणि तिच्यावर लेखकाचे पोट भरत होते का, हे प्रश्न विचारल्याखेरीज तिला आजचे रूप कसे लाभले याचा उलगडा होत नाही. एखादे वैज्ञानिक तत्त्व किंवा त्याचा तर्कसंगत विस्तार हा जिचा कणा असतो आणि तो काढून घेतल्यास जिचे कथानकच कोसळते ती विज्ञानकथा, अशी व्याख्या येथे गृहीत धरली आहे.

१९०० साली ‘केरळकोकिळ’ मासिकातून ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीचा अनुवाद क्रमशः प्रसिद्ध होऊ लागला आणि १९११ च्या सुमारास श्री. बा. रानडे यांची ‘तारेचे हास्य’ ही स्वतंत्र कथा आली. पुढची काही दशके मात्र हा प्रवाह क्षीणच राहिला; भा. रा. भागवतांनी व्हर्न आणि एच. जी. वेल्स मुलांपर्यंत पोचवले, तर भयकथांसाठी ख्यातनाम असलेल्या नारायण धारपांनी विज्ञानकथेचा वाचक सांभाळला.

खरे वळण मिळाले ते संस्थेमुळे. १९६६ साली स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेने १९७० पासून विज्ञान रंजन कथांची स्पर्धा सुरू केली आणि १९७४ मध्ये तिचे पहिले पारितोषिक ‘कृष्णविवर’ या कथेसाठी नारायण विनायक जगताप या अपरिचित लेखकाला मिळाले. हे टोपणनाव जयंत विष्णु नारळीकरांचे होते. आद्याक्षरे उलटी करून त्यांनी ते घेतले होते आणि परिषदेतील मंडळी हस्ताक्षर ओळखतील म्हणून पत्नी मंगला नारळीकरांकडून कथेची प्रत लिहून घेतली होती. कीर्तीचे वजन परीक्षकांवर पडू नये यासाठी जागतिक ख्यातीच्या शास्त्रज्ञाने घेतलेली ही काळजी या वाङ्मयप्रकाराबद्दलच्या आदराची साक्ष देते. पुढे संपादक मुकुंदराव किर्लोस्करांनी नारळीकरांकडे आणखी कथांची मागणी केली, लेखिका दुर्गा भागवतांनी जाहीर कौतुक केले आणि १९७९ साली ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह निघाला.

‘कृष्णविवर’च्या विषयातच या लेखनाची मुख्य अडचण दिसते. कृष्णविवर म्हणजे जिच्या गुरुत्वाकर्षणातून प्रकाशही सुटू शकत नाही अशी वस्तू. तिच्या जवळ काळ दूरच्या निरीक्षकाच्या तुलनेने संथ चालतो. हे वाचकाला ठाऊक नसेल तर कथेतील धक्का वाया जातो, आणि सविस्तर समजावून सांगितले तर कथेचा पाठ होतो. म्हणून मराठी लेखकांनी शास्त्रज्ञ आणि जिज्ञासू श्रोता यांचा संवाद ही युक्ती फार वापरली. दिवाळी अंकातील मोजक्या पानांत ती सोयीची ठरली खरी, पण तिने पात्रे सपाट केली, हा दोष मान्य करायलाच हवा.

आर्थिक बाजूही अशा मोजक्या पानांच्या कथेकडेच नेणारी होती. केवळ विज्ञानकथेवर चरितार्थ चालवणे मराठीत जवळजवळ कोणालाच जमले नाही: बाळ फोंडके शास्त्रज्ञ आणि संपादक होते, सुबोध जावडेकर रसायन अभियंता, आणि निरंजन घाटे यांनी कथांच्या जोडीला विपुल माहितीपर ग्रंथलेखन केले. नोकरी सांभाळून लिहिणाऱ्याला कथा परवडते, कादंबरीसाठी लागणारी सलग वर्षे मिळत नाहीत.

तरीही लक्ष्मण लोंढे यांच्या ‘दुसरा आइन्स्टाईन’सारख्या कथेत शास्त्रज्ञाच्या प्रज्ञेचे मोल आणि त्याचे माणूसपण यांचा झगडा संवादयुक्तीच्या पलीकडे जातो, तर भोपाळ वायुदुर्घटनेवरील जावडेकरांच्या ‘आकांत’मध्ये तंत्रज्ञानाची किंमत कोण मोजतो हा प्रश्न कादंबरीच्या विस्तारातच पेलता येतो. अशा दीर्घ लेखनाला प्रकाशकांनी आगाऊ मानधन आणि संपादकांनी क्रमशः प्रसिद्धीची जागा दिल्याशिवाय मराठी विज्ञानकादंबरीचे दालन भरणार नाही.