‘यमुनापर्यटन’ : प्रेम, कृपा आणि श्रद्धा

बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांच्या ‘यमुनापर्यटन’ (१८५७) या कृतीचा उल्लेख मराठीतील पहिली स्वतंत्र कादंबरी म्हणून सामान्यतः केला जातो. तिचे वाचन मात्र बहुधा दोन ठरावीक वाटांनी होते. कोणी तीत विधवांच्या दुःस्थितीचे चित्र तेवढे पाहतो व ख्रिस्ती भाग बाजूस सारतो. कोणी त्या भागावरच बोट ठेवून सबंध कृतीस प्रचारपुस्तिका ठरवतो. दोन्ही वाचनांत, धर्मविचार हा कथेला बाहेरून चिकटवलेला आहे, असे गृहीत धरलेले असते. हे गृहीत कितपत खरे आहे, हे येथे पाहावयाचे आहे.

कथासूत्र साधे आहे. यमुना ही शिकलेली व ख्रिस्ती मताकडे ओढा असलेली तरुणी. पती विनायक याच्यासह ती प्रवास करते आणि ठिकठिकाणी विधवांच्या कहाण्या ऐकते. पुढे विनायकाचा अकाली मृत्यू होतो. जे दुःख ती इतरांच्या घरी पाहत आली, ते तिच्याच वाट्यास येते. अखेरीस ती ख्रिस्ती धर्म स्वीकारते व पुनर्विवाह करते.

प्रथम प्रेमाचा विचार करू. पतीपत्नींनी बरोबरीने प्रवास करावा, पाहिलेल्या गोष्टींविषयी एकमेकांशी बोलावे, ही कल्पनाच त्या काळच्या मराठी गद्यात नवी होती. ‘यमुनापर्यटना’नंतर चार वर्षांनी आलेल्या लक्ष्मणशास्त्री हळबे यांच्या ‘मुक्तामाला’ (१८६१) या कादंबरीने अद्भुतरम्यतेचा मार्ग धरला. पदमनजींचे दांपत्य मात्र नित्याच्या जीवनातील आहे. त्यांच्या स्नेहाचा आधार सहविचार हा आहे.

कृपेचा प्रश्न अधिक बिकट आहे. ‘कृपा’ हा शब्द मराठी वाचकास संतवाङ्मयामुळे चिरपरिचित आहे. प्रॉटेस्टंट विचारात त्याचा कटाक्ष असा की, ईश्वराचा प्रसाद माणसाच्या पुण्याईचे फळ नव्हे. तो न कमावता लाभतो आणि श्रद्धेने स्वीकारावयाचा असतो. उलट बोधपर कथेचा स्वभावधर्म असा की, सज्जनास फळ व दुर्जनास शासन मिळावे. म्हणून कृपेची कथा सांगू पाहणारा लेखक नकळत पुण्याईची कथा सांगून बसण्याचा धोका असतो.

या कसोटीवर ‘यमुनापर्यटन’ दोन ठिकाणी तपासता येते. विनायकाच्या मृत्यूच्या प्रसंगी कृती खरी उतरते. येथे श्रद्धा हा संकटनिवारणाचा ताईत ठरत नाही. श्रद्धा असूनही वैधव्य येते. दुसऱ्यांचे सांत्वन करणाऱ्या यमुनेची वचने आता तिच्यावरच उलटून येतात, आणि ती पोकळ होती की खरी, याचा निर्णय वादाने न होता अनुभवाने होतो. शेवट मात्र तितका निर्दोष नाही. धर्मांतरामागून येणारा सुखाचा विवाह श्रद्धेच्या बक्षिसासारखा वाटतो.

तथापि या शेवटास सामाजिक बाजूही आहे. विधवाविवाहास मान्यता देणारा कायदा १८५६ मध्ये झाला होता. परंतु कायद्याने दिलेली मुभा घरात व जातीत मान्य झालेली नव्हती. पुनर्विवाहित स्त्रीस सामावून घेणारा समाज कोणता, या प्रश्नाला लेखकाने आपल्या परीने उत्तर दिले. त्यांनी स्वतः १८५४ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या उत्तरामागील निकड कळते. ते उत्तर पटो वा न पटो, प्रश्न खोटा ठरत नाही.

श्रद्धेसंबंधी एवढे म्हणता येईल की, जेथे पात्रे केवळ मतखंडनासाठी बोलतात तेथे कथा थांबते व निबंध सुरू होतो. जेथे तीच श्रद्धा दुःखाच्या कसोटीस लागते तेथे कथा जिवंत होते. हा भेद वाचकाने स्वतः करावयाचा आहे. त्यासाठी लेखकाच्या धर्माचा स्वीकार करण्याची आवश्यकता नाही. पण तो वगळून वाचण्याचीही मोकळीक नाही. भक्तीवाचून अभंग जसा अपुरा राहतो, तशीच कृपेच्या कल्पनेवाचून यमुनेची कथा अपुरी राहते. सहमती व समज या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि वाङ्मयाच्या अभ्यासकाकडून अपेक्षा दुसरीची आहे.