पुढचा भाग आलाच नाही तर?

जुलै 2015 मध्ये अकरावीला ॲडमिशन घेतलेल्यांना एक प्रश्न पडला होता आणि तो सिलॅबसमधला नव्हता. कट्टप्पाने बाहुबलीला का मारलं? उत्तर मिळालं 28 एप्रिल 2017ला. तोवर त्यांची बारावीची परीक्षासुद्धा देऊन झाली होती!

आम्ही दोघं तो पिक्चर पाहायला जिंतूरहून परभणीला आलो होतो. तिकीट, एसटीचं भाडं आणि शेवटची गाडी चुकते की काय ही धाकधूक. परतताना मित्र वैतागला होता, “अर्धाच पिक्चर दाखवला राव. मग तिकीट पण अर्धंच घ्यायचं ना!”

नंतर ‘केजीएफ’ दोन भागांत आला, ‘पुष्पा’ही आला. आता तर याची सवयच झालीय. पण गोष्ट तोडली की प्रत्येक तुकडा अर्धाच राहतो का?

आपल्या मराठीतलंच बघा. महेश एलकुंचवारांचं ‘वाडा चिरेबंदी’ विजया मेहतांनी 1985 मध्ये रंगमंचावर आणलं. विदर्भातल्या देशपांड्यांचा पडका वाडा, तात्याजींचं तेरावं आणि त्याच्या खर्चावरून उघडी पडणारी नाती. हीच गोष्ट पुढे ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ या नाटकांत गेली. 1994 मध्ये चंद्रकांत कुलकर्णींनी तर तिन्ही नाटकं सलग केली. पण ज्यानं फक्त पहिलंच पाहिलं, तो रिकाम्या हातानं घरी जात नाही. घर कसं तुटतं, हे त्यानं पुरतं पाहिलेलं असतं. पुढे यांचं काय झालं असेल, ही हुरहुर उरते. फसवलं गेल्याची भावना नाही.

‘गँग्स ऑफ वासेपूर’ 2012 मध्ये कान महोत्सवात सलग दाखवला गेला. आपल्याकडे जून आणि ऑगस्टमध्ये दोन भागांत आला. पहिला भाग सरदार खानच्या मरणाशी थांबतो. सूड बाकी असतो, पण एका माणसाची गोष्ट संपलेली असते.

आणि खरं सांगायचं तर ‘बाहुबली’च्या पहिल्या भागानंही बरंच दिलं होतं. शिवडूला आपण कोण हे कळलं, देवसेना सुटली. शेवटच्या क्षणी नवा प्रश्न टाकला आणि आधीची सगळी उत्तरं आपण विसरून गेलो.

माझी आजी सप्ताहातल्या भागवत कथेला जायची. सातही दिवस जमायचं नाही, शेतात काम असायचं. मग कृष्णजन्माच्या दिवशी तरी पाळणा हलवायला जायचीच. विचारलं तर म्हणायची, “एक दिवस गेलं तरी काहीतरी घेऊनच येते की मी.”

मला वाटतं, कसोटी हीच. पुढचा भाग कधी आलाच नाही, तर आज हातात काय राहिलं? काहीतरी राहिलं, तर तो भाग पूर्ण. फक्त तारीखच राहिली, तर ती तीन तासांची जाहिरात.

कारण दोन भागांच्या मध्ये आपलंही आयुष्य थांबत नाही. दुसरा भाग आला तेव्हा मित्र चाकणला कंपनीत लागला होता. त्यानं तो तिकडे पाहिला, मी परभणीत. कट्टप्पाचं उत्तर दोघांनाही मिळालं. पण त्यावर भांडायला शेवटच्या एसटीत शेजारी कुणी नव्हतं.