तुपोलेव-१२४ आणि जोरहाटची ती रात्र

४ नोव्हेंबर १९७७. दिवाळी आठवड्यावर आली होती. पंतप्रधान मोरारजी देसाई यांना घेऊन निघालेले हवाई दलाचे विमान आसामात जोरहाटला उतरण्याच्या प्रयत्नात असताना अंधारात टेकेलागाव परिसरातल्या शेतात कोसळले. ८१ वर्षांचे मोरारजीभाई त्यातून सुखरूप बाहेर आले. मुंबई राज्याचे मुख्यमंत्री असताना संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलकांवर झालेल्या गोळीबारांमुळे मुंबईत खोताच्या वाडीपासून लालबागपर्यंत ज्यांच्यावर रोष होता, त्या नेत्याच्या आयुष्यातला हा विलक्षण प्रसंग आज फारसा कुणाला आठवत नाही.

विमान होते सोव्हिएत बनावटीचे तुपोलेव-१२४. त्याची कुळकथा एका बॉम्बफेकी विमानापासून सुरू होते. आंद्रेई तुपोलेव यांच्या कार्यालयाने तू-१६ या बॉम्बरवरून तू-१०४ हे प्रवासी जेट घडवले. मार्च १९५६ मध्ये ते लंडनला उतरले, तेव्हा पाश्चात्त्य तज्ज्ञ चकित झाले. ब्रिटिशांची कॉमेट विमाने अपघातांमुळे त्या वेळी जमिनीवर होती. सप्टेंबर १९५६ मध्ये मॉस्को-इर्कुत्स्क मार्गावर तू-१०४ची नियमित सेवा सुरू झाली आणि पुढची दोन वर्षे नियमित प्रवासी सेवेतले जगातले ते एकमेव जेट ठरले. मात्र त्याचा वेग मोठा, त्याला धावपट्टी लांब लागे आणि पुढे त्याच्या अपघातांची यादीही लांबत गेली.

छोट्या विमानतळांसाठी याच विमानाची लहान आवृत्ती काढली गेली. तिचे नाव तू-१२४. पहिले उड्डाण १९६० साली झाले आणि १९६२ मध्ये ते एरोफ्लोत या सोव्हिएत विमान कंपनीच्या सेवेत आले. दोन टर्बोफॅन इंजिने, सुरुवातीला ४४ आणि नंतर ५६ आसने. उतरताना वेग आवरायला शेपटीत पॅराशूटही होते.

२१ ऑगस्ट १९६३ रोजी तालिनहून मॉस्कोला निघालेल्या तू-१२४चे पुढचे चाक अडकले. वैमानिकांनी विमान लेनिनग्राडकडे वळवले आणि इंधन जाळून हलके व्हावे म्हणून ते शहराभोवती घिरट्या घालू लागले. पण इंधन अपेक्षेआधीच संपले आणि दोन्ही इंजिने बंद पडली. कप्तान व्हिक्तर मोस्तोव्हॉय यांनी पूल चुकवत विमान नेवा नदीच्या पाण्यावर उतरवले. ५२ पैकी एकालाही जीव गमवावा लागला नाही.

याच्या अगदी उलट घडले ते २९ ऑगस्ट १९७९ रोजी. किर्सानोव्हजवळ ऐन उंचीवर पंखांचे फ्लॅप उघडले, विमान ताब्यातून सुटले आणि ६३ जण गेले. त्यानंतर थोड्याच काळात एरोफ्लोतने हे विमान प्रवासी सेवेतून काढले. थोरल्या तू-१०४चा शेवटही असाच झाला. फेब्रुवारी १९८१ मध्ये लेनिनग्राडजवळच्या पुश्किन तळावरून उडताच ते कोसळले आणि पॅसिफिक ताफ्याच्या अॅडमिरल-जनरलांसह ५० जण मृत्युमुखी पडले.

भारतीय हवाई दलाने १९६०च्या दशकात अतिमहत्त्वाच्या व्यक्तींसाठी तीन तू-१२४ घेतली होती. त्यांपैकी व्ही-६४३ हे विमान जोरहाटला कोसळले. आघाताचा मुख्य मार पुढच्या भागाने झेलला. मागच्या कक्षातले मोरारजीभाई, त्यांचे चिरंजीव कांतीभाई आणि अन्य प्रवासी वाचले. कॉकपिटमधले पाचही जण गेले. गावकरी काळोखातून मदतीला धावून आले. पुढे १९८०च्या दशकात अतिमहत्त्वाच्या व्यक्तींना नेण्याची जबाबदारी बोइंग-७३७ विमानांकडे गेली.

तू-१२४चा हिशेब केवळ अपघात मोजून मांडता येत नाही. सांगाडा भक्कम होता, यंत्रणेत उणिवा होत्या आणि अनेकदा प्रवाशांचे प्राण चालवणाऱ्यांच्या हातांवर तरले. विंग कमांडर क्लॅरेन्स डिलिमा, विंग कमांडर जोगिंदर सिंग, स्क्वाड्रन लीडर व्ही. व्ही. एस. सुंकर, स्क्वाड्रन लीडर मॅथ्यू सिरियाक आणि फ्लाइट लेफ्टनंट ओ. पी. अरोरा हे जोरहाटला प्राण गमावलेले ते पाच जण. मोरारजीभाई वाचल्याची गोष्ट सांगताना ही पाच नावेही आवर्जून सांगितली जावीत.