गरमी गेली, पण कुठे?

जतच्या उन्हाळ्यात 'अंगात गरमी झालीय' म्हटलं की समोरचा ताक नाहीतर सब्जा सुचवतो. दुसऱ्या गरमीचं, म्हणजे उपदंशाचं, डॉक्टर ज्याला सिफिलिस म्हणतात त्याचं नाव मात्र दबक्या आवाजात घेतलं जातं. मग दोन्हींची गल्लत होते. जननेंद्रियावर आलेला फोड 'उष्णतेचा' म्हणून अंगावर काढला जातो. तो दुखत नाही आणि तीन ते सहा आठवड्यांत आपोआप भरून येतो. पहिला गैरसमज इथंच रुजतो : गेली एकदाची.

ती गेलेली नसते. मळसूत्रासारखा पिळदार जंतू तोवर रक्तात उतरलेला असतो. काहींच्या तळहातांवर पुरळ येतं, तेही जातं. पुढे कित्येक वर्षं काहीच होत नाही. उपचार न घेतलेल्या प्रत्येकाच्या मेंदूला इजा होते असं नाही. पण ज्याला होते त्याच्या घरी दहा-वीस वर्षांनी जे सुरू होतं, त्याचा त्या जुन्या फोडाशी संबंध कुणी जोडत नाही.

बागेचा जमाखर्च तोंडपाठ असणारा माणूस बेरजा चुकू लागतो. चिडतो, पैसे उधळतो, मोठमोठ्या बाता मारतो. घरचे म्हणतात, करणी केली. आणि देवऋषी गाठतात. या वेडामागे जंतूच आहे हे 1913 सालीच सिद्ध झालंय. नोगुची आणि मूर या संशोधकांनी अशा रुग्णांच्या मेंदूत तो सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला.

कधी दुखणं मज्जारज्जूत उतरतं. मोरीत तोंडाला साबण लावून डोळे मिटले की माणूस झोकांडतो, कारण पाय कुठे आहेत हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्याला कळत नाही. दवाखान्यात आणखी एक खूण दिसते : टॉर्चचा झोत टाकला तरी बाहुली आकसत नाही; बोट नाकाजवळ आणलं की मात्र आकसते.

'हे सगळं म्हातारपणी.' तसंही नाही. लागण झाल्यावर काही महिन्यांतसुद्धा मेंदूची आवरणं सुजू शकतात. डोळ्यांना, कानांना धक्का बसू शकतो. तरुण माणसाला अर्धांगवायू झाला तर हेही कारण तपासावं लागतं. एचआयव्ही असेल तर जास्तच जपायचं.

सगळ्यात हट्टी गैरसमज आहे पाठीतल्या पाण्याचा. निदानासाठी मणक्यातून थोडं पाणी काढायचं म्हटलं की नातेवाईक सहीला तयार होत नाहीत. 'माणूस कायमचा लुळा पडेल' म्हणतात. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो. सुई त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या मणक्याच्या फटीत जाते. तिथं नुसते मज्जातंतूंचे धागे पाण्यात तरंगत असतात, ते सुईपुढून सरकतात. नंतर डोकं दुखू शकतं, तेही बहुधा काही दिवसांत थांबतं.

'एक इंजेक्शन मागे घेतलं होतं की!' कमरेत देतात ते लांब पल्ल्याचं पेनिसिलिन सुरुवातीच्या आजाराला पुरतं, पण मेंदूभोवतीच्या पाण्यात ते पुरेसं पोचत नाही. मेंदूच्या दुखण्याला साधं पेनिसिलिन शिरेतून, दर चार तासांनी, 10 ते 14 दिवस द्यावं लागतं. म्हणजे दवाखान्यात मुक्काम आला. आजार तिथं थांबतो. मात्र मेंदूची झालेली झीज सगळीच भरून येत नाही. उशीर महागात पडतो तो म्हणून.

तपासणी साधी आहे : रक्ताची व्हीडीआरएल. पण जुन्या आजारात ती निगेटिव्हही येऊ शकते, तेव्हा टीपीएचए लागते. सांगली-मिरजेच्या सरकारी रुग्णालयांत गुप्तरोगाच्या विभागात विचारा, आणि जोडीदाराचंही रक्त तपासून घ्या. चाळिशी-पन्नाशीत घरातल्या कुणाचा स्वभाव पार पालटला, तर डॉक्टरांना न लाजता एवढंच विचारा : सिफिलिसची तपासणी झालीय का?